ब्रदरची नोकरी

हॉस्पिटलमध्ये पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. पेशंट म्हणतात, त्यांचे नातेवाईक म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये मी ब्रदर होतो. घरी मात्र हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. बाबा गावात सांगायचे, "पोरगा हॉस्पिटलात मॅनेजर हाय."

आमचं गाव भिवंडीजवळ, पूर्णाच्या बाजूला. लहानपणी घराच्या मागच्या दारातून खाडीपर्यंत नजर जायची. आता मागच्या दारातून गोडाऊनची पत्र्याची भिंत दिसते. ती भिंत आमचीच. बाबांनी भाताची जमीन भरणी करून तिच्यावर गाळे बांधले आणि कंपन्यांना भाड्याने दिले. माल चढवायला-उतरवायला माणसं लागतात, तीही बाबाच पुरवायचे. गावात त्यांना मान होता. लग्नाच्या हळदीला त्यांच्यासाठी पुढची खुर्ची रिकामी ठेवलेली असायची.

मी बारावी सायन्स झालो तेव्हा बाबांना वाटलं मी कॉमर्सकडे वळेन आणि हिशेब बघेन. मी नर्सिंगला अर्ज केला. मित्राबरोबर एकदा त्याच्या वडिलांना भेटायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. तिथे एक ब्रदर एका बेशुद्ध माणसाची दाढी करत होता. अगदी हळू, गाल ताणून धरून, मधेमधे त्याच्याशी बोलत. त्या माणसाला काही ऐकू येत नव्हतं. तरी ब्रदर सांगत होता, "आता हनुवटी राहिली काका, मग झालं." हे काम मला करायचं आहे हे मला तिथेच कळलं. असं स्वच्छ मला त्यानंतर कधीच काही कळलेलं नाही.

बाबांनी तेव्हा फार विरोध केला नाही. पोरगा शिकतोय, हॉस्पिटलची लाईन आहे, पुढे औषधाचं दुकान टाकेल असा त्यांचा समज होता. मी तो मोडला नाही.

आयसीयूतलं काम मला जमत होतं. पेशंटच्या घशात नळी असते तेव्हा तो बोलू शकत नाही, डोळ्यांनी सांगतो. तहान लागलीय, कूस बदला, भीती वाटते, हे सगळं डोळ्यांत वेगवेगळं दिसतं. छातीत कफ साठून घरघर चालू असते, आपण सक्शनच्या नळीने तो ओढून काढतो आणि घरघर थांबते. कपाळावरच्या आठ्या सैल पडतात. मला त्या क्षणाचं व्यसन होतं म्हटलं तरी चालेल.

मग एक दिवस कोन गावचे आमचे एक नातेवाईक आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. त्यांना बघायला बाबा गावातल्या दोघांना घेऊन आले. मला माहीत नव्हतं. मी निळा ड्रेस घालून, फडक्याने झाकलेलं बेडपॅन हातात घेऊन पॅसेजमधून चाललो होतो आणि समोर लिफ्टचं दार उघडलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

बरोबरच्या दोघांपैकी एकाने विचारलं, "काय रं, ह्या काम तू करतंस?"

मी म्हणालो, "हो काका. तुम्ही वॉर्डात बसा, मी येतोच."

हात धुऊन मी आलो तेव्हा ते तिघं निघून गेले होते. नातेवाईकांच्या उशाशी सफरचंदांची पिशवी तेवढी होती.

घरी बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी माझ्याबरोबर जेवणं बंद केलं. मी आलो की ते ओट्यावर जाऊन बसायचे, मी उठलो की आत येऊन जेवायचे. आई दोन वेळा पानं वाढायची. त्याच सुमाराला माझ्या लग्नाची एक बोलणी मोडली. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की मुलीला अजून शिकायचं आहे. आईला खरं कारण कळलं होतं.

"त्यांच्या पोरीनं सांगितला," आई भाकऱ्या थापत म्हणाली, "लोकांचा हगलेला काढतो, त्याच हातानं जेवल."

"आई, हात धुतात."

"मना म्हाईत हाय रे. मी न्हाय बोलत. लोकं बोलतात."

शेवटी बाबा माझ्याशी बोलले ते गाळ्यावर. मला त्यांनी सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. बाहेर कंटेनर मागे घेण्याचा आवाज चालला होता. कोणीतरी "आने दो, आने दो" ओरडत होतं.

"मी तुज्याएवढा व्हतो तवा भिवंडीत दुसऱ्याच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायचो," बाबा म्हणाले. "शेट सगल्यांच्या समोर आईवरून शिव्या द्यायचा. एकदा लाथ घातली. मी पडलो, उठलो, परत कांडी भराया बसलो. घरी कोनाला सांगितला न्हाय. तवाच ठरवला, माज्या पोराला दुसऱ्याचा काम कराया लागनार न्हाय."

"बाबा, मला कोणी लाथ नाही घालत."

"तुजा बाप जमिनीचा मालक हाय आनि तू लोकांचा मूत उचलतंस. लाथ अजून कसली असते?"

मी त्यांना दाढीची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. घरघर थांबण्याबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक वरीस गाल्यावर बस. न्हाय जमला तर जा परत. मी आडवा येनार न्हाय."

बाबा असं काही मागतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ते मागणारे नव्हते. मी राजीनामा दिला. आमच्या मेट्रन मला म्हणाल्या, "ब्रदर, वर्षाने या. तुमची जागा मी कशी ठेवणार, पण या." मी येतो म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

गाळ्यावरचं काम अवघड नव्हतं. गाड्या आल्या की नोंद करायची, माणसं लावायची, कंपनीचे लोक पत्रा गळतो म्हणून तक्रार करायचे ती ऐकायची, उंदीर झाले की औषध टाकून घ्यायचं. दुपारी पंख्याखाली बसायचं. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आता हाच बघतो सगला." ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. तो मला चांगला ऐकू यायचा आणि म्हणूनच वर्ष संपलं तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. तोपर्यंत लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांना गाळे दाखवले होते. लग्न झालं, आणि मी विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "आता बायको आली. तिला काय सांगशील, मी नर्स हाय?"

बायकोला मी सांगितलं होतं. ती शहाणी आहे. ती म्हणाली, "तुम्हाला जायचं तर जा. पण बाबांना सांगायचं काम माझ्यावर टाकू नका." तिचं बरोबर होतं.

अशी आणखी वर्षं गेली. किती, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

एका दुपारी केबिनमध्ये चहा पिताना बाबांच्या हातातून कप सुटला. मी वर बघितलं. तोंडाची उजवी बाजू उतरली होती. चहा ओठातून खाली गळत होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. मला पुढचं सगळं एकदम आठवलं. किती वेळात हॉस्पिटल गाठलं तर इंजेक्शनचा उपयोग होतो, नाही गाठलं तर काय होतं. मी त्यांना गाडीत घातलं. पण रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली होती. दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या होत्या, त्यातल्या काही आमच्याच गाळ्यावर यायच्या होत्या. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या सीटवर बाबा काहीतरी बोलत होते, त्यातला एकही शब्द लागत नव्हता. आम्ही ठाण्याला पोचलो तेव्हा ती वेळ गेलेली होती. डॉक्टरांनी सांगण्याच्या आधीच मला ते ठाऊक होतं.

बाबा जगले. उजवं अंग गेलं. तपासण्यांत शुगरही निघाली. बोलणं हळूहळू थोडं परत आलं, जड जिभेचं.

घरी आणलं त्या दिवशी मी सगळी तयारी करून ठेवली होती. हॉस्पिटलसारखी खाट, हवेची गादी, चादरी, लघवीचं भांडं, पावडर. कितीतरी वर्षांनी हातांना कामाची ओळख पटत होती. खरं सांगायचं तर मला त्या सकाळी बरं वाटत होतं. वाटलं, हे आता तरी त्यांना दिसेल. मी कोमट पाणी आणलं, टॉवेल पिळला आणि त्यांच्या अंगावरची चादर काढायला हात पुढे केला.

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात चांगली ताकद होती.

"तू... न्हाय."

"बाबा, मला येतं हे. हेच शिकलोय मी."

"तू मालक हायस." प्रत्येक शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "मान्सा... लाव."

मी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडाला लावला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

बाबांनी स्वतःच माणूस सांगितला. आमच्या गाळ्यावर बरीच वर्षं गोणी उचलणारा एक हमाल होता, बिहारकडचा, वयाने पन्नाशीचा. स्वभावाने गरीब. त्याला बोलावलं. तो दारातच चपला काढून म्हणाला, "सेठ की सेवा करूंगा, भैया. आप फिकर मत करो."

मी त्याला शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीखाली, टाचांखाली, कमरेच्या हाडाखाली बघायचं, लाल दिसलं तर मला सांगायचं. चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही. तो मान हलवायचा. पण मी गाळ्यावर गेलो की बाबा त्याला सांगायचे, राहू दे, झोपू दे. तो मालकाचं ऐकायचा. हवेच्या गादीच्या मोटरचा आवाज बाबांना नको वाटायचा, तर तो मोटर बंद करून ठेवायचा. मी संध्याकाळी यायच्या आधी चालू करायचा.

मला ते वासावरून कळलं. आयसीयूत काम केलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. मी खोलीत शिरलो आणि दारातच उभा राहिलो.

"बाबा, कूस बदला. मला पाठ बघू द्या."

त्यांनी डाव्या मुठीत चादर घट्ट धरली.

"आई, त्यांना सांग. जखम झालीय."

आई खाटेजवळ आली. तिने चादर सोडवली नाही. ती म्हणाली, "नको ना रे. त्यांना तुजी लाज वाटते."

माझी लाज, की माझ्यासमोरची लाज, हे मला त्या वाक्यातून कळलं नाही. मी तिला विचारलंही नाही. डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी बाबांना वळवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कमरेच्या मणक्यापाशी कातडी काळी पडून उकलली होती, आत खोल गेलं होतं. मी मागे उभा राहून बघितलं. डॉक्टर हातमोजे काढत रागाने म्हणाले, "इतकं होईपर्यंत? घरात कोणी बघणारं नव्हतं का?"

आई माझ्याकडे बघत होती. मग बाबाच बोलले, भिंतीकडे तोंड करून.

"पोराला... टायम न्हाय. त्याचा धंदा हाय."

त्यांना ते अभिमानानेच म्हणायचं होतं.

ड्रेसिंगला बाहेरचा माणूस लावला. तो रोज यायचा. मी बाजूच्या खोलीत बसून चिमट्याचा, ट्रेचा आवाज ऐकायचो. तो कुठे घाई करतोय हे आवाजावरून कळायचं. जखम भरायला फार दिवस लागले आणि ती पूर्ण कधी भरलीच नाही.

त्या दिवसांत मी हॉस्पिटलला गेलो. बाबांचे रिपोर्ट घ्यायचे होते. पण रिपोर्ट घेऊन झाल्यावर मी लिफ्टने वर गेलो. मेट्रन त्याच होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, मला परत घ्याल का?

त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "नोंदणी परत चालू करावी लागेल. मधे फार खंड पडलाय. आयसीयू लगेच नाही मिळणार, वॉर्डपासून सुरुवात. तुमच्याबरोबर अगदी नवीन मुलं असतील, तुमचा इन्चार्ज तुमच्याहून लहान असेल. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

"मग सोमवारी या. मी बोलून ठेवते."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आईला सांगितलं. मग बाबांच्या खाटेपाशी बसून त्यांनाही सांगितलं. म्हणालो, गाळ्यावर मॅनेजर ठेवू, भाडं येतंय ते येतच राहील, मी घरीच राहणार आहे, फक्त कामावर जाईन. ते छताकडे बघत होते. त्यांनी एकच विचारलं.

"तेच... काम?"

"हो बाबा. तेच."

त्या संध्याकाळी त्यांनी तोंड उघडलं नाही. आई चमच्याने पेज भरवत होती, ओठ मिटलेले. तिने चमचा ओठांना लावला, पेज हनुवटीवरून ओघळली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. औषधही घेईनात. हमाल हात जोडून सांगत होता, "सेठ, दो निवाला." पाहुणे आले, त्यांनी समजावलं. बाबा डोळे मिटून पडून राहिले.

आई माझ्याजवळ ओट्यावर आली. ती कधीच माझ्यावर रागावली नाही, तेव्हाही रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तू शिकलेला हायस. मानूस किती दिवस जगतो असा, तुला म्हाईत असल."

मला माहीत होतं. त्यांच्या वयाला, त्या जखमेसकट, त्या शुगरसकट.

मी आत गेलो. "नाही जात मी," म्हणालो. "ऐकलंत का बाबा? नाही जात."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मी खोटं बोलतोय का ते पारखत असावेत. मग त्यांनी आईकडे मान वळवली आणि तोंड उघडलं. आईने पेज भरवली. ते भराभर गिळत होते, भूक लागलेल्या लेकरासारखे. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला फक्त एवढंच दिसत होतं की आई चमचा फार भरतेय, ठसका लागेल.

मेट्रनना मी कळवलं नाही. त्यांचा फोन आला तो घेतला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या आळीतली एक वयस्कर बाई दुपारी गाळ्यावर आली. तिच्या नवऱ्याला जुलाब-उलट्या होत होत्या, डॉक्टरांनी सलाईन लिहून दिलं होतं आणि गावातला कंपाउंडर लग्नाला गेला होता. ती केबिनच्या दारात घुटमळली. मग हळूच म्हणाली, "पोरा, तू पयले हॉस्पिटलात व्हतास ना? एवढी सुई लावून दे. तुज्या बापसाला मी न्हाय सांगनार."

मी गेलो. म्हातारा पडवीत पडला होता, हात काटकुळे. मी हात स्वच्छ धुतले, दंडाला पट्टी बांधली, शीर बोटाने चाचपली. चांगली शीर होती. पूर्वी असली शीर मी बोलता बोलता पकडली असती. मी सुई घातली आणि रक्त आलं नाही. थोडी मागे घेतली, परत घातली. शीर फुगली, निळी झाली. दुसऱ्या हाताला लावून बघितली, तिथेही फुगली. प्रत्येक वेळी म्हाताऱ्याचा पाय आखडायचा. मी तिसऱ्यांदा जागा शोधायला लागलो तेव्हा त्याने हात हळूच ओढून घेतला.

"राहू दे पोरा," तो म्हणाला.

बाईने ओल्या फडक्याने त्याचा हात पुसला. तिने मला चहा विचारला. मी नको म्हणालो. नंतर रिक्षा करून ते अंजूरफाट्याच्या दवाखान्यात गेले, तिथे एका मुलीने एका फटक्यात सुई लावली असं तिने मागाहून सांगितलं. तिने ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

मी घरी आलो. बाबांना हमालाने ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं, मानेखाली उशी लावून. माझ्या शर्टाच्या बाहीवर रक्ताचा ठिपका होता, तो मी दुमडून घेतला.

"कुटं... व्हतास?" बाबांनी विचारलं.

"गाळ्यावर."

त्यांनी मान हलवली. मग तीन नंबरच्या गाळ्याचं शटर दुरुस्त झालं का, ते विचारलं. मी म्हणालो, झालं.